आज दोघी जेवायला आल्या
सकाळी उपासनेनंतर चर्चच्या दारात दोन मुली भेटल्या, नगरकडच्या, नर्सिंगची पहिलीच नोकरी, कळव्यात पीजीत राहतात. मी पटकन बोलून गेले चला घरी जेवायला, आणि ठाणे स्टेशनवरून रिक्षात बसल्यावर आठवलं की हॉलमधे दोरीवर ओले कपडे तसेच आणि घरात नुसतं वरण-भात. म्हटलं असूदे. बायबलात १ पेत्र ४:९ मधे कुरकुर न करता पाहुणचार करा एवढंच सांगितलंय, घर आवरून मग करा असं नाही. सुकटची चटणी केली, पापड भाजले. धाकटीने दुसऱ्यांदा भात घेतला नि हळूच म्हणाली, ताई महिन्याभरात आज पहिल्यांदा कोणीतरी वाढलं. मला पुढे बोलताच येईना. जाताना डबा भरून दिलाय, तो परत द्यायला पुढच्या रविवारी येतायत.