ऊन पडलं होतं, तरी कॅन्सल का केलं?

"ताई, एवढं मस्त ऊन पडलंय, मग क्लाइंबिंग कॅन्सल का?" दर सीझनला चारपाचदा तरी हे ऐकते. परवा वाईत टपरीवर चहा पिऊन सगळ्यांना परत फिरवलं तर एकजण तोंडावरच म्हणाला, ताई घाबरली. हो, घाबरले. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहिते.

पावसाचं कारण दिलं की कुणी वाद घालत नाही, ओलं शेवाळ सगळ्यांना कळतं. पण कडा कोरडा असतो तेच दिवस आग्या मोहोळाचे. पावसाळ्यात बरीचशी मोहोळं उठून जातात आणि तेव्हा नेमकं आपल्याला चढता येत नाही.

मार्च होता. कड्याचं नाव सांगत नाही, उगाच कुणी मोहोळ जाळायला जाईल. ठरलं होतं की उजाडताच चढायचं आणि ऊन तापून माश्या चवताळायच्या आत खाली. रात्री वळीव कोसळला. दादा, माझा मावसभाऊ, म्हणाला परत जाऊ. मीच म्हटलं थांब की दोन तास, वाळेल. वाळलाही. साडेदहाला तो लीडला, म्हणजे पहिला चढायला गेला, मी खाली बिलेला, म्हणजे त्याचा दोर (रोप) धरून. उजवीकडे ओव्हरहँगखाली, म्हणजे पुढे आलेल्या कातळाखाली, मोहोळ दिसत होतं, पण लांब आहे रे, हेही मीच म्हटलं.

आधी आवाज आला, लांबून ट्रॅक्टर यावा तसा. मग दादा ओरडला. त्याला पळता येईना, मला रोप सोडता येईना. मी त्याला खाली घेत होते आणि माझ्या हातावर, कानात, हेल्मेटच्या आत माश्या. एकीने डंख मारला की त्या वासावर बाकीच्या येतात, पिकल्या केळ्यासारखा असतो म्हणतात, मला खरंच आला तो. मध्येच दादा दोनेक मीटर सुटला, घोटा कड्यावर आपटला. आजपर्यंत मी सगळ्यांना सांगत आले की रोप सरकला. रोप सरकला नव्हता, मी माशी झटकली होती.

नंतर दवाखान्यात बसून आम्ही एकमेकांचे काटे काढले, नखाने की चिमटीने हा वाद नका घालू, पटकन काढा एवढंच. आणि मी महिनाभर त्याच्या डिओच्या वासाला शिव्या घातल्या. डिओ होताच, पण वर एक मधुबाजही, मोहोळं फोडून खाणारा शिकारी पक्षी, घिरट्या घालत होता, आणि एवढा उशीर तर माझाच. नक्की कशाने उठल्या कुणास ठाऊक.

तेव्हाची मी आजही मला म्हणते, अगं असं बघत बसलीस तर कधीच चढणार नाहीस. खोटं नाही ते. एकदा जानेवारीत भर दुपारी त्याच कड्यावर काही झालं नव्हतं आम्हाला.

दादा आता चढत नाही. घोट्याचं नाव सांगतो, मी पुढे विचारत नाही.

येत्या रविवारी पहाटे चारला साताऱ्यातून निघू. रात्री लावलेलं डासांचं मलम धुऊन या, वासाचं काहीच नको. कातळ ओला असला तर वाळायची वाट बघणार नाही, मग तोंडावर काय म्हणायचं ते म्हणा.