लोकांच्या देखत

सरकारी वकील म्हणून त्या मंगळवारी माझ्यापुढे दोन खटले होते. सकाळी महामार्गावरच्या दरोड्याचा. लुटला गेलेला ट्रकचालक इंदूरहून रात्रभर प्रवास करून आलेला. पिंजऱ्यात उभा राहिला, आरोपींकडे बोट दाखवलं, उलटतपासात तसूभर हलला नाही. भत्ता घेऊन दुपारच्या गाडीनं परतला.

जेवणाच्या सुट्टीनंतर ॲट्रॉसिटीच्या खटल्याचा पुकारा झाला. वरात वेशीतून नेली म्हणून एका तरुणाला जातीवरून शिव्या देत काठ्यांनी मारलं होतं. घटनेला चार वर्षं झालेली. त्याची स्वतःची साक्ष ठाम होती. पण 1989 च्या ॲट्रॉसिटी कायद्यात जातीवरून केलेला अपमान लोकांच्या देखत झाला, हे दाखवावं लागतं. देखत असलेलं अख्खं गाव गप्प होतं. बोलायला तयार झालेली एकच, पन्नाशीची मजूर बाई. तिनं दंडाधिकाऱ्यांपुढे तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 164 खाली शपथेवर सगळं सांगितलं होतं, काठी कोणी उगारली तेसुद्धा.

पिंजऱ्याचा कठडा तिनं दोन्ही हातांनी धरला. कांदा काढून बोटं काळी पडलेली.

"मावशी, त्या दिवशी काय पाहिलंत?"

"काय न्हाय. मी घरात व्हते."

पुन्हा विचारलं. ती मागच्या बाकाकडे बघत होती. तिथे आरोपीचा चुलता बसला होता. कांदा असो की ऊस, तिची मजुरी त्याच्याच रानात.

तिला फितूर जाहीर करून मीच तिचा उलटतपास घेतला. जबाब वाचून दाखवला. "म्या असं सांगितलं न्हाय," एवढंच ती म्हणत राहिली. तो जबाब तिला खोडून काढायला वापरता येतो, स्वतंत्र पुरावा म्हणून उभा राहत नाही. शेवटी मारहाणीचं कलम कसंबसं टिकलं, ॲट्रॉसिटीतून आरोपी सुटले.

खोट्या साक्षीबद्दल तिच्यावर कारवाई मागा, असं एका सहकाऱ्यानं सुचवलं. मी मागितली नाही. तिला गप्प करणारे मोकळे आणि तिच्या हाती समन्स, हे माझ्याच्यानं झालं नसतं.

खर्ड्याच्या नितीन आगे या दलित मुलाच्या खून खटल्यात साक्षीदार फितूर होऊन 2017 साली सगळे आरोपी सुटले, तेव्हा मी सरकार पक्षालाच बोल लावला होता. आज त्याच जागी मी होते. ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम 15 अ साक्षीदाराला संरक्षणाचा हक्क देतं. 2018 ची साक्षीदार संरक्षण योजनाही होती. तिच्यात संरक्षण एका वेळी फार तर तीन महिन्यांचं, आणि खटला चालतो चार-चार वर्षं. तरी अर्ज करता आला असता. मी केला नव्हता. तिच्या जबाबावर विसंबून राहिले, ती कोणाच्या रानात राबते हे मला साक्षीच्या दिवशी कळलं.

आता दोषारोप ठेवले की साक्षीदाराला मी पहिला प्रश्न घटनेबद्दल विचारत नाही. कामाला कोणाकडे जाता, पाणी कोणाच्या विहिरीवरून आणता, उसनवारी कोणाकडे आहे, ते विचारते. उत्तरं लिहून घेते आणि संरक्षणाच्या अर्जाला जोडते.