नवा पिस्टन टाकायच्या आधी हवा कुठून घुसतेय ते बघा

टू-स्ट्रोक स्पोर्ट क्वाड (कच्च्या रस्त्यावर चालवायची चार चाकांची मोटारसायकलसारखी गाडी) सीझ झाली, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून इंजिन जाम झालं, की बहुतेक जण काय करतात, हेड उघडतात, ओरखडे पडलेला पिस्टन बघतात, सिलिंडर बोअरिंगला देतात, पुढच्या साइजचा पिस्टन टाकून गाडी चालू करतात आणि मग थोड्या दिवसांत तीच गाडी परत तशीच सीझ होते. मग शिव्या पिस्टनच्या क्वालिटीला, नाहीतर ऑइलला. पिस्टन आपणहून जात नाही हो, त्याला काहीतरी घालवतं, आणि जुन्या गाडीत ते काहीतरी बऱ्याचदा कार्बोरेटरला चुकवून भलतीकडूनच आत शिरलेली हवा असते. म्हणून आज सगळं लीक टेस्टबद्दल लिहितोय, आणि जाता जाता ट्रेलवर ही गाडी कशी चालवावी तेही.

जुनी गाडी म्हणतोय त्याला कारण आहे. या प्रकारच्या क्वाड आता सगळ्या जुन्याच आहेत. सुझुकीची एलटी२५०आर १९८५ ची, होंडाची टीआरएक्स२५०आर १९८६ ते १९८९, यामाहाची बॅन्शी १९८७ ला आली आणि ब्लास्टर १९८८ ला, आणि अमेरिकेच्या बाजारात या शेवटच्या दोघी २००६ पर्यंत टिकल्या. म्हणजे यातली सगळ्यात तरुण गाडी धरली तरी तिच्या क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या, ऑइल सीलचं रबर किती वर्षं तापून थंड झालंय याचा हिशोब करा. लोखंड टिकतं, रबर कडक होतं.

माझ्याकडे जी आहे ती २०० सीसीची सिंगल सिलिंडर एअर-कूल्ड. घेतली तेव्हा आधीच्या मालकाने सांगितलं की पिस्टन नवा आहे, आणि तो खोटं बोलत नव्हता, पिस्टन खरंच नवा होता. पण एक गोष्ट पहिल्या ट्रेललाच खटकली. चढावर जोरात रेस दिली (क्वाडची रेस अंगठ्याने देतात) आणि अंगठा सोडला की इंजिन लगेच खाली यायला पाहिजे, ते यायचं नाही, एक-दोन सेकंद वरच तरंगत राहायचं आणि मग हळूहळू उतरायचं. केबल मोकळी होती, कार्बोरेटरचा स्लाइड खाली टक्क बसत होता. आयडल स्क्रू कितीही फिरवला तरी आज एक आयडल आणि उद्या दुसरं. ही दोन लक्षणं एकत्र दिसली की समजून घ्यायचं, कुठूनतरी हवा आत येतेय, मिक्स्चर लीन झालंय, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि लीन झालेलं टू-स्ट्रोक इंजिन सीझ व्हायच्या आधी छान पळतं, हीच त्यातली फसवी गोष्ट आहे. मी गाडी तिथेच वळवली आणि सावकाश घरी आणली.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवा आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक जिथे फिरतो त्या खालच्या बंद डब्यात, येते, तिथे पिस्टन खाली येताना दाबली जाते आणि मग ट्रान्सफर पोर्टमधून वर जाते. म्हणजे क्रँककेस हा पंपच आहे आणि पंप हवाबंद पाहिजे. फोर-स्ट्रोकचा क्रँक सील गळला तर खाली ऑइलचा डाग पडतो, टू-स्ट्रोकचा गळला तर पिस्टन जातो.

टेस्टला फार काही लागत नाही. मी सायलेन्सर काढला आणि एक्झॉस्ट पोर्टवर जाड रबराचा तुकडा ठेवून वरून पट्टी मारून घट्ट केला. कार्बोरेटर काढून त्याच्या जागी बूटमध्ये, म्हणजे कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या रबरी नळीत, एक बुच बसवलं आणि क्लॅम्प आवळला, म्हणजे बूटची पण टेस्ट होते, कार्बोरेटरचा बूट चिरलेला असणं हे फार कॉमन आहे आणि चीर बाहेरून दिसत नाही, बूट वाकवल्याशिवाय. ऑइल पंपवाली गाडी असेल तर ऑइलची बारीक नळी जिथे आत जाते ते भोकही बंद करायचं. पिस्टन एकदम खाली आणायचा म्हणजे सगळे पोर्ट उघडे राहतात आणि वरचं-खालचं सगळं एकत्र तपासलं जातं. त्या बुचातून एक नळी आणि त्या नळीला बीपीच्या मशीनचा रबरी पंप आणि त्याचा काटा. हसू नका, हे एकदम बरोबर बसतं, कारण टेस्टचा दाब साधारण ६ पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच एकक) लागतो आणि बीपीच्या काट्यावरचे ३०० म्हणजे जवळपास तेवढेच. कॉम्प्रेसर अजिबात लावू नका, १० च्या पुढे गेलात तर चांगला सीलही जागेवरून हलू शकतो.

मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त दाब पडता कामा नये असा अंदाज मेकॅनिक लोक धरतात, मी स्वतः त्याहून कडक आहे, काटा हलताना डोळ्याला दिसला की मला चैन पडत नाही. माझ्या गाडीत तर मी पंप दाबून हात सोडेपर्यंत काटा अर्ध्यावर आलेला. मग साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीत भरून एकेक जागा भिजवत गेलो. हेड गॅस्केट, काही नाही. बेस गॅस्केट, काही नाही. रीडच्या, म्हणजे इनटेकच्या एकेरी झडपेच्या, बॉक्सभोवती एकदोन बुडबुडे पण ते थांबले. क्लचच्या बाजूचा सील दिसत नाही, तो आत असतो, पण गिअरबॉक्सच्या ब्रीदर नळीचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवून बघितलं की कळतं, तिथून बुडबुडे आले तर तो सील गेला. नाही आले. शेवटी डाव्या बाजूचं कव्हर काढलं, मॅग्नेटच्या, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या चुंबकाच्या चाकाच्या, मागे स्प्रे मारला आणि तिथून फेस यायला लागला, बारीक बारीक पांढरा फेस, मॅग्नेटच्या खिडक्यांमधून हळूहळू फुगत बाहेर, आणि कान जवळ नेला तर सुर्र्र असा आवाज. नवा पिस्टन टाकणाऱ्याच्या हाताखालीच हे होतं, फक्त कव्हर काढलं नव्हतं.

दोन्ही बाजूंच्या सीलची लक्षणं वेगळी असतात हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मॅग्नेटच्या बाजूचा गेला तर कोरडी हवा आत येते, गाडी लीन होते, प्लग पांढरट पडतो. क्लचच्या बाजूचा गेला तर गिअर ऑइल आत ओढलं जातं, पांढरा धूर थांबत नाही, प्लग ओला राहतो आणि गिअरबॉक्सचं ऑइल बाहेर कुठेही न सांडता कमी होत जातं.

मॅग्नेट काढायला पुलरच वापरा, हातोडी आणि पान्याने मागून उचकटायच्या भानगडीत पडू नका, क्रँकचं टोक वाकलं तर मग नवा सीलही टिकणार नाही. जुना सील काढताना खाचेत ओरखडा नको. मी त्याच्या पत्र्यात छोटा स्क्रू फिरवून पकडीने सरळ बाहेर ओढला. मग क्रँकवर जिथे सीलची ओठासारखी कड फिरते तिथे नखाने बघा, खाच लागतेय का. थोडी लागत असेल तर नवा सील अगदी किंचित आत किंवा बाहेर बसवता येतो म्हणजे कड कोऱ्या जागेवर येते. कडेला ग्रीस लावून, त्याच मापाच्या सॉकेटने चारी बाजूंनी सारखं दाबत बसवायचा. सील बदलून झाल्यावर पुन्हा टेस्ट. आणि जमलं तर उलटी टेस्ट पण, म्हणजे आत हवा भरायच्या ऐवजी व्हॅक्यूम, कारण पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये ओढ तयार होते आणि काही सील दाब धरतात पण ओढ धरत नाहीत.

बेअरिंग मात्र तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. क्रँक हाताने वर-खाली हलवून बघा, प्ले लागला तर सील हे कारण नाही, सील हा परिणाम आहे, आणि मग इंजिन पूर्ण खोलण्याला पर्याय नाही.

आता इंजिन हातात होतंच म्हणून सिलिंडर काढून पिस्टन बघितला. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे सुरू झालेले, इनटेकची बाजू स्वच्छ. हे लीन आणि गरम चाललेल्या गाडीचं चित्र. पिस्टनवर चार ठिकाणी चार पट्टे दिसले असते तर गाडी थंड असताना ताणली असं समजायचं, आणि डोक्याला भोक पडलेलं असतं तर डिटोनेशन किंवा प्री-इग्निशन, म्हणजे मिक्स्चर स्फोटासारखं किंवा वेळेआधीच पेटणं. लोखंडी स्लीव्हचा सिलिंडर असेल तर ०.२५ मिमीच्या टप्प्याने पुढे जाता येतं, पण बोअरिंग करणाऱ्याला पोर्टच्या कडा मारायला आवर्जून सांगा, त्या धारदार राहिल्या तर रिंग अडकून तुटते. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगची तोंडं खाचेतल्या पिनेवर, पिस्टनची पिन जागेवर धरणारी सर्क्लिप दरवेळी नवीनच. जुनी सर्क्लिप परत बसवलेली मला कोणाच्याही गाडीत बघवत नाही.

पेट्रोल-ऑइलच्या मिक्सवरून लोक फार वाद घालतात. ३२:१ म्हणजे ५ लिटरला साधारण १५६ मिली, ४०:१ म्हणजे १२५. कुठलंही धरा पण एकच धरा, कारण ऑइल वाढवलं की जेटमधून जाणारं पेट्रोल तेवढं कमी होतं, म्हणजे गाडी उलट लीन होते, आणि हे ऐकून अनेकांचा विश्वास बसत नाही. जेटिंगही, म्हणजे कार्बोरेटरमध्ये योग्य मापाचे जेट बसवणं, लीक बंद झाल्यावरच करायचं. आधी केलं तर तुम्ही भोकाला जेट लावताय. पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट, मधल्या भागात नीडल, पाऊण ते पूर्णला मेन जेट. नीडलची क्लिप खाली सरकवली की नीडल वर येते आणि मिक्स्चर रिच होतं, म्हणजे पेट्रोल वाढतं. थंडीत हवा दाट होते, एखादा मोठा मेन जेट लागतो, उंच डोंगरावर हवा विरळ, तिथे छोटा. माझ्या गाडीत लीकवर उपाय म्हणून कोणीतरी भलामोठा मेन जेट घालून ठेवला होता, सील बदलल्यावर तीच गाडी वर अडखळायला लागली, दोन नंबर खाली आणल्यावर मोकळी झाली.

आणि मग ट्रेल. पॉवरबँडचं, म्हणजे ठराविक आरपीएमच्या पट्ट्यात एकदम येणाऱ्या जोराचं, सुख फोर-स्ट्रोकवाल्याला सांगून कळत नाही. एक्झॉस्टच्या फुगीर नळीच्या, म्हणजे एक्सपान्शन चेंबरच्या, मागच्या शंकूवरून आपटून येणारी लाट पोर्ट बंद व्हायच्या आत बाहेर सांडलेलं ताजं मिक्स्चर परत सिलिंडरमध्ये ढकलते, पण हे ठराविक आरपीएमलाच नीट जुळतं, म्हणून खाली काहीच नाही आणि मग एकदम सगळंच. अरुंद, दगडी ट्रेलवर त्यामुळे क्लचवर बोट कायम ठेवावं लागतं, रेस पडली की हलकासा क्लच मारून परत बँडमध्ये आणायची. मागचा ॲक्सल सरळ एकसंध असतो, डिफरन्शियल नाही, दोन्ही चाकं सारखीच फिरतात, त्यामुळे नुसतं हँडल वळवून गाडी वळत नाही, सरळच जाते. बाहेरच्या फूटपेगवर वजन टाकायचं, अंग आतल्या बाजूला झोकायचं आणि थोडी रेस देऊन मागची चाकं घसरू द्यायची. हे एकदा अंगात बसलं की वळणांची वाट बघायला लागतो माणूस.

उतारावर मात्र एक सवय लावून घ्या. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असेल तर थ्रॉटल बंद म्हणजे ऑइल बंद. लांब उतारावर गिअरमध्ये, इंजिन किंचाळत, अंगठा पूर्ण सोडून उतरणं म्हणजे पिस्टन कोरडा फिरवणं. मी ब्रेकवर उतरतो, मध्येमध्ये क्लच दाबून छोटी रेस देतो. आणि उतार संपला की लगेच पूर्ण थ्रॉटल नाही, चार श्वास हलकी चालवून मग.

सध्या दर राइडनंतर फोमचा फिल्टर धुतो, पिळत नाही, दाबतो, वाळवून फिल्टर ऑइल लावतो आणि एअरबॉक्सवर जिथे त्याची कड टेकते तिथे ग्रीसची पातळ रेघ. अंगठा सोडला की रेस आता जागच्या जागी पडते. पुढच्या वेळी मागच्या ॲक्सलचा बेअरिंग कॅरिअर उघडायचाय, चाक उचलून हलवलं की थोडा खडखड लागतोय, तो उघडला की फोटोसकट टाकतो.