कमळाच्या देठातलं सूत

कमळाच्या देठापासून कापड विणतात म्हटलं की सातारकरांना आधी कासचं कुमुदिनी तळं आठवतं. पण कुमुदिनी म्हणजे कमळ नव्हे, तिच्यातून हे सूत निघत नाही. (कासवरचं फूल तर तोडूच नये.) लागतं ते खरं कमळ, ज्याचा कंद आपण कमळकाकडी म्हणून खातो. त्याचा देठ मोडून तुकडे ओढले की मधे कोळिष्टकासारखे तंतू ताणले जातात. जुन्या काव्यातला बिसतंतू तो हाच. देठात पाणी वाहणाऱ्या नळ्यांना आतून स्प्रिंगसारखी वेटोळी असतात. ती उलगडतात, म्हणून तंतू चटकन तुटत नाही, लांबत जातो.

हे विणकाम ब्रह्मदेशात, शान प्रांतातल्या इनले सरोवरावर चालतं. रत्नागिरीच्या थिबा राजाचं नाव ज्या थिबा गावावरून पडलं, तेही याच प्रांतातलं. विणणारे मात्र इंथा लोक. शान वेगळे, ते स्वतःला ताई म्हणवतात. सरोवर होतं न्यौंगश्वेच्या शान राजांच्या मुलखात. त्यांच्यापैकीच साओ श्वे थाइक १९४८ मध्ये स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. कमळाचं पहिलं वस्त्र सा ऊ नावाच्या बाईंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विणलं, तेही भिक्षूला चीवर म्हणून अर्पण करायला.

देठ पावसाळ्यात काढतात. खरखरीत काटे घासून टाकायचे, पाच-सहा देठ एकत्र धरायचे, सुरीने भोवती उथळ चीर द्यायची, मोडायचं आणि हलकेच ओढायचं. चीर खोल गेली तर तंतूच कापले जातात. निघालेले वीस-तीस तंतू ओल्या फळीवर तळहाताने वळायचे. पुढच्या देठांचे तंतू आधीच्या टोकावर ठेवून पुन्हा वळलं की सूत वाढत जातं. गाठ मारत नाहीत. देठ ओले आहेत तोवरच हे उरकावं लागतं, कारण सुकलेल्या देठातून तंतू सरळ येत नाही, तुटतो.

सूत सुकलं की ठिसूळ होतं. म्हणून ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, तांदळाची खळ देतात आणि मागावर पाण्याचा हात फिरवत राहतात. माणच्या सनगरांची घोंगडी आठवावी: तिथे चिंचोक्याची खळ लोकरीचे उभे राहिलेले केस बसवते. इथे खळीचं काम निराळं, धाग्याला मागाचा ताण सोसायचं बळ देण्याचं.

एका चीवराला देठांचे ढीग लागतात, त्यामुळे किंमत जास्त असणारच आणि ती रास्तच आहे. निव्वळ कमळाचं कापड मळकट पांढरं, जाडंभरडं, जागोजागी गुठळ्या असलेलं आणि चमक नसलेलं असतं. चमक दिसली तर रेशीम मिसळलेलं असण्याचा संभव मोठा. त्यात फसवणूक असतेच असं नाही, रेशमी ताण्यावर कमळाचा बाणा (आडवा धागा) तिथे उघडपणे विणतात. घेताना ताणा कशाचा आणि बाणा कशाचा, हे दोन्ही विचारून घ्या.