लक्ष आहे हो, पण सगळीकडेच

परवा मी एक फॉर्म भरत बसले होते, टीव्ही चालू, शेजारी मुलगी फोनवर मैत्रिणीला कुणाचा तरी नंबर सांगतेय, आणि मी माझ्या मोबाईल नंबरच्या रकान्यात तिने बोललेले आकडे लिहून मोकळी. आई, तुझं लक्ष कुठंय? अगं आहे ना लक्ष, सगळीकडेच आहे, तोच तर घोळ आहे!

मला आपलं वाटायचं की वय झालं की लक्ष द्यायची ताकदच जाते, बॅटरी उतरल्यासारखी. मग जरा वाचत बसले तर वेगळंच निघालं. २००५ मध्ये ॲडम गझाली या मेंदू-संशोधकाने आणि त्यांच्या सोबत्यांनी एक प्रयोग छापला होता, त्यात माणसांना चेहऱ्यांचे आणि निसर्गदृश्यांचे फोटो दाखवायचे, सांगायचं की फक्त चेहरे लक्षात ठेवा, दृश्यांकडे बघू नका (कधी याच्या उलट), आणि त्याच वेळी मेंदूचा स्कॅन. तर जे हवंय त्यावर जोर लावण्यात म्हातारी मंडळी तरुणांच्या बरोबरीने होती! नको ते दाबून टाकण्यात मात्र कमी पडली. २००८ मध्ये त्यांनी मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजल्या तेव्हा कळलं की दाबणं बंद पडत नाही, उशिरा सुरू होतं. उशीर म्हणजे सेकंदाचा बारीकसा अंश, पण तेवढ्यात नको ते आत येऊन बसलेलं असतं.

लिन हॅशर आणि रोझ झॅक्स या दोघी मानसशास्त्रज्ञ बायकांनी हे १९८८ मध्येच मांडलं होतं म्हणे, की विसरभोळेपणाचं मूळ या न हाकलता येणाऱ्या गर्दीत आहे. हॅशरबाईंच्या गटाचं आणखी एक मला फार आवडलं, दुर्लक्ष करा म्हणून सांगितलेले शब्द वयस्कर लोकांच्या डोक्यात राहतात आणि पुढच्या कामात तेच शब्द आले की चक्क उपयोगी पडतात. तरुण पोरं ते केव्हाच टाकून देतात. आणि सकाळी आमचं हे गाळणं जरा बरं चालतं, संध्याकाळी ढिलं पडतं. मी फॉर्म भरत होते रात्री साडेआठला, टीव्ही लावून, म्हणजे झालंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्ही बंद करून नवा फॉर्म घेतला, एका बैठकीत झाला. रात्री मुलगी विचारत आली, आई, काल मी फोनवर कुठला नंबर सांगितला गं, मला सापडत नाहीये. दहाही आकडे सांगितले.