भीत भीत, दचकून, चपापून

पात्राला घाबरवायचे असेल, तर मराठी लेखकाला क्रियाविशेषणांची ददात पडत नाही. बिचकत, चाचरत, दबकत, दचकून, चपापून हे सारे शब्द क्रियापदांपासून झालेले असल्याने त्यांत भीतीबरोबर अंगाची हालचालही येते. भीत भीत दोनदा म्हणावे लागते, आणि त्या दोन शब्दांत एक पाऊल, थोडे थांबणे आणि दुसरे पाऊल आपोआप ऐकू येते. शिवाय घाबरण्याचे कारणही शब्दागणिक बदलते. मागून अचानक हाक आली, तर कोणीही दचकून वळेल, त्यावरून त्याच्या स्वभावाचा पत्ता लागत नाही. मात्र तो चपापून वळला असे लिहिले, की त्याने काहीतरी लपवले असावे, अशी शंका वाचकाला आलीच म्हणून समजावे.

भरताच्या नाट्यशास्त्राने हे काम नटाच्या अंगावरच सोपवले आहे. भयानक रसाची कारणे म्हणून त्यात ओसाड घर, अरण्य, कोल्हा आणि घुबड येतात, तर खुणा म्हणून थरथरणारे हातपाय, रोमांच, उतरलेला चेहरा आणि पालटलेला आवाज. लेखकापाशी नट नसतो, म्हणून त्याला कापऱ्या आवाजात, थरथरत असे लिहावे लागते.

वस्तूंच्या बाबतीत गंमत वेगळीच आहे. भर पावसात एसटी दबकत दबकत आंबेनळी घाट उतरत होती, असे कोणी लिहिले, तर त्यात गाडीची भीती नसते (चालकाची तर नसतेच). समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरून खिडकीत बसलेल्या प्रवाशाची ती असते.

भयंकर या शब्दाचे मात्र फार हाल झाले. जिलबी भयंकर गोड लागते, नाटक भयंकर आवडते, मग ओसाड वाड्यातले दार भयंकर आवाज करीत उघडले, तरी वाचक निवांत पान उलटतो. माझ्या मते तिथे दार सावकाश उघडले एवढेच लिहिणारा अधिक जाणता, कारण वाऱ्याने दार धाडकन उघडते. सावकाश उघडायला मागे कोणीतरी लागते.