सोनेरी पक्षिमालिका : चौथे पान, पहारेकरी क्रौंच

मध्ययुगीन सुवर्णांकित हस्तलिखितांवरून सुचलेल्या माझ्या पक्षिमालिकेतील चौथे पान या आठवड्यात रंग भरण्यापर्यंत आले आहे. विषय आहे पायात दगड धरलेला क्रौंच. रात्री थवा झोपला की पहाऱ्यावरचा क्रौंच एका पायाच्या पंजात दगड उचलून धरतो आणि त्याचा डोळा लागलाच तर दगड निसटून त्याला जाग येते, अशी हकिगत सुमारे १२०० साली इंग्लंडमध्ये तयार झालेल्या ‘ॲबरडीन बेस्टियरी’ या प्राणी-पक्ष्यांच्या सचित्र हस्तलिखित ग्रंथात आहे.

पहिल्या कच्च्या रेखाटनात मी त्याला जांभई देताना दाखवले होते, ते खोडले. पक्षी आपल्या कामाबाबत पूर्ण गंभीर असला तरच अशा चित्रातली गंमत टिकते, असे माझे ठाम मत झाले आहे. आता दगडावरचे फक्त एक बोट सुटले आहे आणि डोळा अर्धा मिटला आहे; बहुतेक पक्ष्यांची खालची पापणी वर सरकते, म्हणून ती रेषा मी खालून वर काढली. अशा अचूकतेचा धडा मी ‘शेरबोर्न मिसल’ या ख्रिस्ती उपासनेच्या सचित्र हस्तलिखित पोथीकडून घेतला. १४०० च्या आसपास जॉन सिफरवास याने त्याच्या समासांत काढलेले पक्षी आजही ओळखता येतात, आणि त्यांच्याजवळ त्या काळच्या इंग्रजीतली नावेही लिहिलेली आहेत.

सर्वाधिक वेळ सोन्याने घेतला. प्लास्टर, सरस, साखर आणि किंचित लाल माती यांचा लेप कागदावर उंचवट्यासारखा चढवायचा, तो वाळला की नळीतून उष्ण श्वास सोडून ओलसर करायचा, लगेच वर्ख ठेवायचा आणि मग अकीक या गुळगुळीत दगडाने घोटायचे, अशी ही पद्धत आहे. लेपाला ही फुगीर गोलाई असल्यामुळेच पान हलवले की प्रकाश सोन्यावरून घरंगळत जातो. साखर हवेतला ओलावा ओढून घेते आणि त्यामुळेच वर्ख धरतो. परंतु पावसाळी हवेत माझा लेप इतका मऊ राहिला की पहिल्याच घोटाईत प्रभावळीचा डावा काठ फाटला. तो भाग खरवडून काढला, साखर निम्मी केली आणि उघडीप मिळालेल्या दुपारी पुन्हा वर्ख लावला. या वेळी अकीक अडखळला नाही. रंग मुद्दाम मागे ठेवले होते, कारण गोंद घातलेल्या रंगावरही वर्ख चिकटतो आणि कडा बिघडतात.

आता मानेचा करडा रंग पातळ थरांनी चढवत आहे. समासातल्या वेलीवर झोपलेले सात क्रौंच रांगेने बसवायचे आहेत, सर्वांच्या चोची पंखांत खुपसलेल्या; फक्त शेवटच्याचा एक डोळा उघडा राहील आणि तो पहारेकऱ्याच्या दगडाकडे पाहत असेल.